आरशात न दिसणारा कॅमेरा

बाबा गेल्यापासून सुट्टीच्या दिवशी दुकानाचं शटर कुणी उघडलं नव्हतं. त्या दिवशी ते सकाळीच अर्ध्यावर उचललं गेलं. त्याखालून वाकून आधी एक टोपी आत आली, मग टोपीखालचा माणूस आणि त्याच्या मागोमाग लॅपटॉप छातीशी धरलेली एक मुलगी.

"वा! काय लोकेशन आहे!" टोपीवाला सरळ होत म्हणाला आणि समोरच्या आरशात बघून त्यानं टोपी ठीकठाक केली.

घरातल्या लेकीला, धाकटीला, हायसं वाटलं. ही कंपनी तिनं शोधली होती. तिच्या ऑफिससाठी त्यांनी एक फिल्म केली होती आणि त्या फिल्ममध्ये तिचं ऑफिस इतकं सुंदर दिसलं होतं की दुसऱ्या दिवशी कामावर जाताना तिला फसवल्यासारखं वाटलं होतं. आरशांच्या दुकानासाठी यांच्याहून चांगलं कोण मिळणार?

व्हिडिओ करायचाच, हे तिच्या भावानं, थोरल्यानं, केव्हाच ठरवून टाकलं होतं. चौकात फर्निचरचं नवं शोरूम उघडलं होतं. तिथे पलंग घेतला की आरसा फुकट मिळत होता, आणि इकडे गिऱ्हाइकं दारातून डोकावून 'फक्त आरसा? बरोबर काही नाही?' असं विचारू लागली होती. व्हिडिओवर कुणाचंच दुमत नव्हतं. तो करायचा कुणाकडून यावर मात्र घराचे दोन भाग झाले. वहिनीचा भाऊ लग्नांचे व्हिडिओ करायचा, त्यामुळे थोरला आणि वहिनी एकीकडे. धाकटी टोपीवाल्यांसाठी अडून बसली आणि आई तिच्या बाजूला गेली. लेकीचं म्हणणं पटलं म्हणून गेली की सुनेच्या माहेरचा माणूस नको म्हणून, हे आईनं स्पष्ट केलं नव्हतं. उरले काका. बाबांचे हे धाकटे भाऊ मागच्या कारखान्यात काच कापायचे. "तुमचं ठरलं की सांगा," म्हणून ते बाजूला झाले होते.

आता सगळे आरशांच्या मधोमध पॅकिंगच्या खोक्यांवर बसले होते. लॅपटॉप मधल्या एका खोक्यावर ठेवला होता.

"तुमची गोष्ट आम्ही अशी बघतोय," टोपीवाला डोळे मिटून म्हणाला. "एक आजोबा. थरथरत्या हातांनी आरसा पुसतायत. पुसता पुसता त्यात त्यांचं तरुणपण दिसायला लागतं. मागे बासरी. डोळ्यांत पाणी."

"कुणाच्या?" आईनं विचारलं.

"बघणाऱ्याच्या."

"आणि आजोबा कोण?"

"आमचे कलाकार आहेत ना. दाढी त्यांची स्वतःची आहे."

काका पहिल्यांदाच हलले. "माझं काम कोण करणार मग?"

"तुमचं म्हणजे?"

"मी काच कापतो."

टोपीवाल्यानं मुलीकडे पाहिलं. मुलगी लॅपटॉपमध्ये बघत हळूच म्हणाली, "तो भाग आपल्या स्क्रिप्टमध्ये नाहीये."

"बरं," काका म्हणाले. दाढीवाल्या माणसाला एकदा बघायला हवं, असं मात्र त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

इतका वेळ गोड हसत बसलेल्या वहिनीनं आता हळूच काडी टाकली. "इथे चारी बाजूंनी आरसे आहेत. तुमचा कॅमेराच दिसणार नाही का त्यात?"

"छे! आम्ही आरशांवर एक फवारा मारतो. धुरकट होतात. मग त्यांत काही म्हणजे काही दिसत नाही."

"आरशात?" काकांनी विचारलं.

"काहीच नाही!" टोपीवाला अभिमानानं म्हणाला. "नंतर कॉम्प्युटरवर आपल्याला हवं ते टाकायचं. डोंगर टाका, समुद्र टाका."

"आणि गिऱ्हाइकानं घरी नेल्यावर समुद्र कोण टाकायचा?"

आईला खोकला आला. थोरला चहाचं बघतो म्हणून उठला. धाकटीचे कान तापले. आरसे इतके होते की नजर वळवावी तिकडे तिला आपले लाल कानच दिसत होते.

जाताना टोपीवाला शटरखालून वाकला तेव्हा ती मुलगी क्षणभर मागे राहिली. "मध्ये काळं कापड धरून, त्याला लेन्सपुरतं भोक पाडून पण करता येतं," ती धाकटीच्या कानाशी म्हणाली. "मी सांगितलं होतं सरांना. त्यांना समुद्र आवडतो."

*

वहिनीचा भाऊ स्कूटरवर दोन पिशव्या लटकवून आला. त्याचं खरं नाव घरात कुणी घेत नसे. कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी तो 'रेडी?' असं इतक्या जोरात ओरडायचा की अख्ख्या लग्नमंडपात त्याचं नाव रेडी पडलं आणि मग तेच सगळीकडे चिकटलं.

"ताई, आज कसं तरी जमव," आत येता येताच तो वहिनीला बाजूला घेऊन म्हणाला. "लग्नांचं काही खरं नाही राहिलं. नवऱ्याचा मित्रच मोबाइल घेऊन फिरतो."

"जमलंच समज," वहिनी म्हणाली. माहेरी आईला तिनं फोनवरही हेच सांगून टाकलं होतं. माहेरी एकदा सांगितलेलं मागे घेणं म्हणजे सासरी एकदा बोललेलं मागे घेण्याहून अवघड, हे तिला चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर नवऱ्याचं भाषण तिनं स्वतः लिहिलं होतं, त्याच्याकडून दाढी करताना पाठ करून घेतलं होतं, आणि त्याला न आवडणारा निळा शर्टही घालायला लावला होता.

नमुन्याचा शॉट लगेच घ्यायचा ठरलं. थोरला मधल्या खुर्चीवर बसला. रेडीनं कॅमेरा लावला आणि तो सात-आठ आरशांत एकदम उभा राहिला. त्यानं स्टँड डावीकडे नेलं, तेव्हा आरशांतले सगळे रेडी उजवीकडे सरकले. तो गुडघ्यांवर बसला. मग पोटावर झोपला. मग कपाटामागे गेला, आणि तिथून त्याला फक्त कपाट दिसू लागलं.

"रेडी, दिसतोयस तू," धाकटी उगाचच मदत करत म्हणाली.

"नंतर कापतो मी," कपाटामागून आवाज आला.

"स्वतःला?"

आईसुद्धा हसली. वहिनीला धाकटीचा राग आला, भावाचा आला, आणि सगळ्यांत जास्त आरशांचा आला.

"चालेल तसं घे रे," शेवटी ती म्हणाली. "नमुनाच तर आहे."

"रेडी?"

थोरला बोलू लागला. पहिली दोन वाक्यं ठीक गेली. वहिनी कॅमेऱ्यामागे उभी राहून नकळत प्रत्येक शब्द ओठांनी म्हणत होती. "हे दुकान माझ्या वडिलांनी आणि..." तिचे ओठ 'काकांनी' म्हणाले. थोरला मात्र थेट पुढे गेला. "माझ्या वडिलांनी शून्यातून उभं केलं, आणि आज मी ते पुढे नेतोय."

दोन शब्द गळले. तिच्या लक्षात आलं होतं. पण बाकी सगळं किती छान चाललं होतं! तो अडखळत नव्हता, हात हलवत नव्हता. दोन शब्दांसाठी थांबवलं तर पुन्हा पहिल्यापासून, आणि पुन्हा रेडी कपाटामागे. ती गप्प बसली.

*

जेवणानंतर सगळे वरच्या खोलीत टीव्हीसमोर जमले. रेडीनं वायर जोडली, आणि थोरल्याला तो निळा शर्ट आणि त्यातला स्वतः दिसला. वाटलं होतं त्यापेक्षा बरा दिसत होता.

पण त्याच्याकडे कुणी बघतच नव्हतं. सगळे त्याच्या मागच्या आरशांत बघत होते.

"ती बघ आई! जांभई!"

"जांभई नाही, श्वास घेत होते," आई म्हणाली.

"वहिनी, तू काय जपतेयस? ओठ बघा वहिनीचे! दादा, तू बोलतोयस की ती बोलतेय?"

"आणि तू फोनमध्ये तोंड घालून बसलीयस, ते नाही दिसत?" वहिनी म्हणाली, पण तीही हसत होती. उजव्या आरशात रेडी ढुंगण वर करून वाकलेला दिसला तेव्हा रेडीच सगळ्यांत मोठ्यानं हसला. थोरल्यालाही हसू आवरेना. बाबांनंतर या खोलीत सगळे एका वेळी हसल्याचं त्याला आठवत नव्हतं.

मग त्याची नजर वरच्या कोपऱ्यातल्या गोल आरशावर गेली.

त्यात काका होते. दाराजवळच्या स्टुलावर बसलेले. त्यांनी केस ओले करून भांग पाडला होता, हे थोरल्याच्या आत्ता लक्षात आलं. ते पुढे झुकून ऐकत होते. शाळेत निकाल वाचून दाखवताना मूल आपला नंबर यायची वाट बघतं, अगदी तसे. "हे दुकान माझ्या वडिलांनी," टीव्हीतला थोरला म्हणाला, आणि काका आणखी थोडे पुढे झुकले. वाक्य संपलं. काका तसेच झुकलेले होते, जणू अजून काहीतरी यायचं राहिलंय. मग त्यांनी गुडघ्यांवर हात टेकले, उठले आणि आरशातून निघून गेले.

टीव्हीतला थोरला पुढे गुणवत्तेबद्दल बोलत राहिला. खोलीत कुणी हसत नव्हतं.

"मागे घेऊ का?" काहीतरी करायला हवं म्हणून रेडीनं विचारलं.

"नको," तिघेचौघे एकदम म्हणाले.

काका खिडकीशी बसले होते. त्यांनीही ते पाहिलं होतं. त्यांनी कपात बघितलं. "चहा गार झाला," ते म्हणाले. "गरम करून आणता का कुणी?"

कुणीच उठलं नाही म्हणून शेवटी आई उठली.

"तर मग," धाकटी घसा साफ करून म्हणाली, "माझं मत रेडीला."

थोरल्यानं चमकून तिच्याकडे पाहिलं. वहिनीनं त्याहून जास्त.

"का?" वहिनीनं विचारलं.

"यात आपण सगळे आहोत. खरे. त्या दाढीवाल्यात कोण असणार?"

"मग माझं मत टोपीवाल्यांना," वहिनी म्हणाली.

"ताई!" रेडी ओरडला.

"ओरडू नकोस. तूच बघ ना, आमचं दुकान दिसायला हवं. गिऱ्हाइकाला माझे ओठ दाखवून काय करू? आणि तुझं..." तिनं नजर टीव्हीकडे वळवून वाक्य पुरं केलं. "तुझं ते वाकणं बघून शोरूमवालेसुद्धा हसतील. आपल्या आईला मी सांगेन काय ते."

सकाळच्या जोड्या अशा मोडल्या. नवरा-बायको दोन बाजूंना गेले, मायलेकी दोन बाजूंना गेल्या, आणि चहाचं भांडं घेऊन आलेल्या आईला कळेना की आपण आता कुणाच्या पक्षात आहोत. "मी काका म्हणतील तिकडे," ती म्हणाली आणि त्यांच्या कपात चहा ओतला.

काकांना हे नको होतं. आयुष्यभर ते भावाच्या मागे राहिले होते आणि मागे राहण्यात एक सुख आहे, असं त्यांना खरोखर वाटायचं. समोरचा माणूस चुकला तर चुकतो, आपण फक्त काच नीट कापायची. पण आज त्या गोल आरशात स्वतःला असं आशाळभूतासारखं झुकलेलं बघून त्यांना आपलीच लाज वाटली होती. लाज वाटली की ते स्पष्ट बोलायचे.

"टोपीवाल्यांना द्या," ते म्हणाले.

"अहो, पण समुद्र?" आई म्हणाली.

"समुद्र नको म्हणून सांगायचं. फवारा नको, दाढी नको, बासरी नको. परक्या माणसाला सांगता येतं. तो पैसे घेतो, त्याला राग येत नाही. रेडी घरचा आहे. त्याला हे नको, असं नको, इथे माझं चुकतंय, तिथे तुझं चुकतंय, हे कोण सांगणार? घरच्यांना काही सांगता येत नाही." त्यांनी चहाचा घोट घेतला. "भाजतंय."

थोरला खाली बघत बसला.

सगळ्यांत आधी सावरली ती वहिनी. काळ्या कापडाचं धाकटीनं जेवताना सगळ्यांना सांगितलं होतं. तिनं धाकटीच्या फोनवरून थेट टोपीवाल्याला फोन लावला. "हं, देतोय आम्ही काम तुम्हाला. पण तुमच्या त्या मॅडमची काळ्या कापडाची पद्धत वापरायची. फवारा इथे दिसला तर तुमच्यावरच मारीन. घरचीच माणसं बोलतील. आणि दुसरा कॅमेरा माझा भाऊ धरेल. हो, अनुभव आहे. दांडगा अनुभव आहे." तिनं रेडीकडे पाहिलं. "वाकायची सवय आहे त्याला. कापडामागे उपयोगीच पडेल."

रेडीनं आधी तोंड फुगवलं. मग त्यानं टोपीवाल्याकडे कुठला कॅमेरा आहे ते विचारायला लावलं आणि उत्तर ऐकून त्याचं तोंड आपोआप उघडलं.

*

काका खाली निघून गेले होते. संध्याकाळी टेम्पो यायचा होता. एका नाचाच्या क्लासचा भिंतभर आरसा मागच्या कारखान्यातून पुढे आणून ठेवायचा होता, आणि ते एका माणसाचं काम नव्हतं. थोरला खाली गेला तेव्हा काका हातमोजे घालून वाट बघत उभे होते. कुणाची ते त्यांनी सांगितलं नाही.

त्यांनी दोन टोकांना पकड घेतली, उचललं, आणि काका उलटे चालू लागले.

"वाक्य लांब होतं," थोरला म्हणाला.

"हो. ऐकलं मी. लांबच होतं."

"तसं नाही. म्हणजे लांब होतं म्हणून नाही. मला ते बोलताना बरं वाटत होतं. मी पुढे नेतोय, मी नेतोय. तुमचं नाव आठवलं होतं, काका. तरी पुढे गेलो."

काकांनी आणखी दोन पावलं मागे टाकली. "उंबरा आहे," ते म्हणाले. उंबरा ओलांडला. "मी त्या शोरूमला हो म्हटलंय."

आरसा हलला.

"सांभाळ!"

"काय म्हटलंय?"

"त्यांना आरसे कापायला माणूस हवाय. मी हो म्हटलं. परवा. डावीकडे घे जरा."

"आणि हे तुम्ही आत्ता सांगताय? हातात आरसा असताना?"

"हातात आरसा नसता तर तू ओरडला असतास."

थोरल्याला ओरडायचंच होतं. पण ओरडायला छाती भरून घ्यावी लागते आणि छातीला काच टेकली होती. त्यानं दात आवळून विचारलं, "असं काय देतायत ते?"

"एसी आहे. आणि बसायला चाकांची खुर्ची आहे. पाठ टेकता येते. अशी मागेही जाते ती."

"खुर्ची?"

"हसू नकोस, हलतोय."

"मी नाही हसत. काका, खुर्ची हवी होती तर सांगायचं ना!"

"स्टूल बोचतं असं कोण सांगणार? तुझ्या बापाच्याही स्टुलाला पाठ नव्हती." काकांचाही आवाज आता डळमळत होता. "नको हसूस म्हटलं ना, मला पण येतंय."

दोघं मधेच थांबले. आरसा दोघांच्या मध्ये थरथरत होता. हसणं ओसरेपर्यंत त्यांना हलता येईना, आणि ते ओसरलं तेव्हा थोरल्याला बोलावंच लागलं.

"जायचं तर जा, काका. मी अडवणार नाही. तेवढा माझा हक्क मी सकाळीच घालवला. पण तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं. खुर्चीसाठी नाही, काचेसाठीही नाही. तुम्ही मागे आहात म्हणून मी पुढे उभा राहू शकतो. नाहीतर मला या दुकानाची भीती वाटते."

काकांनी आरसा भिंतीशी हळूच टेकवला, खाली गोणपाट सरकवलं, हातमोजे काढले आणि खिशातून शोरूमचं कार्ड काढून पुढे केलं.

"नंबर लावून दे. चष्मा वर राहिलाय."

थोरल्यानं नंबर लावला. काकांनी त्यांना काय सांगायचं ठरवलंय, हे त्यानं विचारलं नाही. घंटी वाजू लागल्यावर त्यानं फोन त्यांच्या हातात दिला आणि तो शटरखालून वाकून बाहेर पायरीवर जाऊन बसला. रस्त्यावर सुट्टीची शांतता होती. समोरच्या न्हाव्याचं कुत्रं येऊन त्याच्या निळ्या शर्टाला हुंगून गेलं.

आतून आवाज आला.

"हॅलो? हो, मीच, आरसेवाला. ते मी येतो म्हटलं होतं ना कामाला, ते काही जमायचं नाही. नाही हो, पगाराचं काही नाही. घरचंच आहे. शूटिंग आहे आमच्याकडे. हो, मी बोलणार आहे त्यात. बघू, पाठ करावं लागेल."

थोरल्यानं मान वळवली.

"ते राहू द्या. मला दुसरंच विचारायचं होतं," काका म्हणत होते. "ती चाकांची खुर्ची आहे ना, तुमच्याकडे विकायलाही आहे का ती? हां. नाही, एक नको. दोन घेतल्या तर काय लावाल?"